तिसऱ्या कॅसेटला रस्ता नव्हता

ताईबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. साक्रीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला त्यांचं माहेर. तिथं चौथीपर्यंतची शाळा होती, पण ती मुलग्यांसाठी आहे असं त्यांच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं. सहीच्या जागी त्या अंगठा द्यायच्या. आणि तरीही साऱ्या धुळ्यात त्यांच्याइतकं जपानी कोणाला येत नव्हतं, असं मी म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी कादर. धुळ्याच्या देवपुरात माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ताईबाईंच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो १९९१च्या उन्हाळ्यात. त्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं चित्र वरून खाली फिरत होतं आणि टीव्ही दुकानात उचलून आणणारं घरात कोणी नव्हतं. नवरा होता, पण खाटेवर. सुकदेव आबा सतरा वर्षं एस.टी.त ड्रायव्हर होते, बहुतेक काळ धुळे-साक्री-नवापूर याच रस्त्यावर. तीन वर्षांपूर्वी नवापूरच्या स्टँडवर गाडी लावून खाली उतरताना ते पडले. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले होते, ऐकू येतं, कळतं सगळं, फक्त बाहेर काही येणार नाही. मूलबाळ नव्हतं. ताईबाई त्यांना भरवायच्या, अंग पुसायच्या, कूस बदलायच्या, आणि उरलेल्या वेळात शेजारपाजारचे पापड लाटून द्यायच्या.

त्या दिवशी टीव्हीशेजारी एक मशीन दिसली. व्हिडिओ गेमची. आबांचा भाचा रतिलाल सुरतेला होता, त्यानं मामाचं मन रमावं म्हणून आणून दिली होती. तिच्यासोबत दोन कॅसेट. एकीत विमानं पाडायची, उड्या मारायच्या असले दहा-बारा गेम. दुसरीवर नुसतं जपानी लिहिलेलं, आणि वर तीन माणसांचं चित्र: टोपीवाला पोरगा, धनुष्य घेतलेली मुलगी आणि एक दाढीवाला म्हातारा. कोणी घेत नाही म्हणून दुकानदारानं ती फुकट दिली, असं रतिलाल सांगून गेला होता.

विमानांचा गेम ताईबाईंनी दोनदा खेळून बाजूला ठेवला. टीव्ही दुरुस्त झाल्यावर मी सहज म्हणालो, "अक्का, ही दुसरी तुमच्या उपयोगाची नाही. सगळं जपानी आहे. वाचल्याशिवाय यात पुढं जाता येत नाही."

त्या म्हणाल्या, "कादरभाऊ, माले मराठी बी वाचता येस नही. मंग जपानी राहो का मराठी, माले काय फरक?"

मी कॅसेट मशीनमध्ये बसवून दिली.

हा गेम म्हणजे प्रवास होता. ती तीन माणसं गावोगाव फिरतात, माणसांना भेटतात, वाटेत जनावरं-भुतं आडवी आली की पाळीपाळीनं लढतात. लढताना पडद्यावर शब्दांची यादी येते, त्यातला एक निवडायचा. आपल्याला ते सगळं रेघोट्यांचं जंगल. ताईबाईंनी मात्र त्या रेघोट्यांना ओळखी लावल्या. कोपरातून वाकवलेल्या हातासारखं अक्षर ज्या शब्दाच्या सुरुवातीला, ते औषध. एका अक्षराला त्या जिलबी म्हणायच्या. गळासारखं एक होतं. कोणता शब्द घेतला की मार बसतो, कोणता घेतला की जीव भरतो, हे त्यांनी चुकत चुकत पाठ केलं. पापडाच्या पिठाला किती पाणी लागतं हे जसं कोणी वाचून शिकत नाही, तसं.

शुक्रवारी माझं दुकान बंद असायचं. दुपारची नमाज झाली की मी त्यांच्याकडे चक्कर टाकू लागलो. आधी अडॅप्टर जळाला म्हणून, मग बटणाची वायर तुटली म्हणून, आणि पुढं कारणाशिवायच.

तिथं जे चालायचं ते मी कुठं पाहिलं नव्हतं. ताईबाई खाटेला टेकून जमिनीवर बसायच्या. आबा उशांना टेकून पडद्याकडे तोंड करून. गेममधलं एखादं माणूस भेटलं की खाली चार ओळी उमटायच्या. ताईबाई त्या ओळींकडे पाहत आणि आबांना सांगत, "हाई बाई म्हणस, पुढला गावमा पानी नही, भरी लई जा." दुसरा कोणी भेटला की, "हाऊ म्हणस, मना बैल हराई गया, दिसना तर सांगज्या." त्या माणसांची तोंडं, घरं, कपडे पाहून त्या बोलणं बसवायच्या. पुढच्या वेळी तोच माणूस भेटला की त्याचा बैल त्यांच्या लक्षात असायचा. माझी खात्री आहे की त्या गेममध्ये कुठंही बैल नव्हता.

आणि वाट फुटली की त्या थांबायच्या. बटण सोडून मागं वळायच्या.

"कोनीकडे जाऊत? बोट दखाडा."

आबांचा डावा हात चालत होता. ते बोट उचलायचे. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. पंजा उघडला म्हणजे थांब. ताईबाई बोट म्हणेल तिकडेच न्यायच्या, त्यांना स्वतःला दुसरी वाट बरोबर वाटत असली तरी. कधी कधी आबा बराच वेळ बोट उचलायचे नाहीत. डोळे बारीक करून पडदा बघायचे, घाटातल्या वळणावर समोरची गाडी येते का बघतात तसे. ताईबाई गप्प थांबायच्या. मी असलो तर मलाही खुणेनं गप्प करायच्या.

एकदा आबांनी हट्टानं उजवीकडे नेलं. तिकडे दलदल होती. पाऊल टाकलं की जीव कमी होत जायचा. तिघंही मेले. पुन्हा मागून सुरू केलं, आबांचं बोट पुन्हा उजवीकडे. पुन्हा मेले. तिसऱ्यांदा मेल्यावर ताईबाईंचा तोल गेला.

"सतरा वरीस नवापूरनी गाडी चालाडी तुम्हीन, अन आठे चिखलमा घाली दिन्ही!"

आबा हसले. अर्धंच तोंड हललं, घशातून खरखर आली, खांदा हलला. मला आधी वाटलं त्यांना ठसका लागला. ताईबाईंच्या लक्षात आलं. त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा डोळे धुतलेले होते. पडल्यापासून आबा पहिल्यांदा हसले होते, हे त्यांनी मला पुढल्या शुक्रवारी सांगितलं.

प्रवासाची ही पहिली कॅसेट संपायला त्यांना चौदा महिने लागले. शेवटी एका डोंगरावर मोठा राक्षस पडला, ती तिघं आपापल्या गावी परतली, आणि पडद्यावर नुसती अक्षरं वर सरकत राहिली. "बठ्ठी नावं शेतस," ताईबाई म्हणाल्या. "ज्यास्नी हाई करं त्यास्नी." बरोबर होतं ते, गेम बनवणाऱ्या सगळ्यांचीच नावं होती. मी विचारलं, कसं ओळखलं? म्हणाल्या, "लगनपत्रिकामा असंच ऱ्हास."

त्या वर्षी मी स्पेअर पार्ट आणायला मुंबईला गेलो तेव्हा कॅसेटचं वेष्टन सोबत नेलं. दुसरा भाग मिळाला. चित्रात तेच तिघं, म्हाताऱ्याची दाढी जास्त पांढरी. हा पहिल्याहून मोठा होता. यात समुद्र होता आणि जहाज. रस्त्यांचा तर सुकाळ. एका गावातून पाच-पाच वाटा निघायच्या. आबांनी कधी समुद्र पाहिला नव्हता. जहाज मिळालं त्या दिवशी त्यांनी एकाच दिशेला बोट धरलं ते खाली घेईनात. ताईबाई नेत राहिल्या. जमीन दिसेना, नुसतं पाणी. शेवटी एक लहानसं बेट आलं, त्यावर एक झोपडी आणि आत एक म्हातारी. ती काय म्हणते, असं मी विचारलं. ताईबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग आबांकडे.

"ती म्हणस, इतला लांब कोनी येस नही. बशी जा."

या दोन-अडीच वर्षांत आबांची तब्येत बरी होती असं मी म्हणेन. अंगावर थोडं मांस आलं. सकाळी अंघोळ झाली की ते स्वतःच टीव्हीकडे बोट करायचे. शेजारची माणसं येऊन बसायची, कोणी वाट सुचवली तर आबा पंजा उघडून त्याला थांबवायचे. गाडी कोणाची आहे हे त्यांना दाखवायचं असायचं.

दुसरा भाग १९९४च्या दिवाळीआधी संपला. शेवटी तिघं एका टेकडीवर उभे राहतात आणि दूरवर एक नवा रस्ता दिसतो. तिथंच चित्र थांबतं. याचा अर्थ कोणालाही कळला असता. अजून एक भाग आहे.

तेव्हापासून ताईबाईंनी माझ्यामागे तगादा लावला नाही, पण मी मुंबईला निघालो की वेष्टन न मागता काढून द्यायच्या. दोन खेपा रिकाम्या गेल्या. तिसऱ्या खेपेला, पंचाण्णवच्या मार्चमध्ये, मिळाला. दुकानदारानं कॅसेट हातात देताना सांगितलं, "ज्यांना यातलं कळतं ते म्हणतात, हा भाग काही जमला नाही. दोघांनी परत आणून दिला." मी म्हणालो, आमच्याकडे चालेल. धुळ्याला येऊन मी ताईबाईंना हे सांगितलं नाही. त्यांनी हळद-कुंकू आणून मशीनला लावलं होतं. मी काय सांगणार होतो?

शुक्रवारी दुपारी कॅसेट लावली. चित्र पहिल्या दोन्हींपेक्षा सुंदर होतं. मोठमोठे चेहरे, हलणारे डोळे, ढग, वीज. पण ती तिघं नव्हती. तलवार घेतलेला एक गोरा पोरगा होता, आणि तो आणि दुसरी माणसं नुसती बोलत होती. ओळींमागून ओळी. ताईबाई आधी सांगत गेल्या, मग थकल्या. "लई बोलतस हाई लोके," म्हणाल्या.

एकदाचं चालणं सुरू झालं. दोन्ही बाजूंना भिंत, मध्ये वाट. वाट संपली की पडदा काळा व्हायचा आणि आपोआप दुसरी जागा यायची. तिथंही दोन्ही बाजूंना भिंत. शेत नाही, मैदान नाही, समुद्र नाही. गाव आलं तर त्यात एक दुकान, दोन माणसं. बोलून झालं की पुढची वाट उघडायची, एकच.

"पुढे येतीन ते," ताईबाई म्हणाल्या. तिघांबद्दल. "पुढे रस्ता फुटीन."

दोन आठवडे गेले. रस्ता फुटला नाही. आबा पडद्याकडे पाहत असायचे, डावा हात चादरीवर ठेवलेला. ताईबाईंना वळून विचारायला काही नव्हतं. त्या एकट्याच चालवत होत्या आणि आबा मागं बसलेले प्रवासी झाले होते.

तिसऱ्या शुक्रवारी मी गेलो तेव्हा ताईबाईंनी एका ठिकाणी बटण सोडलं आणि नेहमीसारख्या मागं वळल्या. समोर वाट एकच होती, उजवीकडे वळलेली. तरी त्या म्हणाल्या, "कोनीकडे जाऊत?"

आबांचे डोळे मोठे झाले. त्यांनी पडदा नीट पाहिला. बोट उचललं. डावीकडे.

डावीकडे दगडी भिंत होती. ताईबाईंनी बटण दाबलं. तो गोरा पोरगा भिंतीला तोंड लावून जागच्या जागी पाय हलवत राहिला. टुप, टुप, टुप असा आवाज. आबांचं बोट डावीकडेच. मला वाटतं, त्यांना वाटलं असावं की भिंतीत काही लपलेलं असेल, दुसऱ्या भागात एकदा तसं निघालं होतं. ताईबाईंनी बराच वेळ दाबून धरलं. मग हळूच उजवीकडे वळवलं, आबांच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं.

त्यांच्या लक्षात आलं. बोट खाली गेलं. मूठ मिटली.

ताईबाईंनी मशीन बंद केली आणि चहा टाकायला उठल्या.

मला मात्र चैन पडेना. कॅसेट मीच आणली होती. मी ती मशीनसकट दुकानात मागून घेतली आणि गिऱ्हाइकाच्या टीव्हीवर लावून आठ दिवस काम सोडून खेळत बसलो. लढाईतले शब्द मला येत नव्हते, ते मी ताईबाईंकडून शिकून आलो होतो. जिलबी, गळ, कोपर. मला एकच गोष्ट शोधायची होती: कुठंतरी दोन वाटा. आठव्या दिवशी सापडल्या. एका गुहेत वाट दोन्हीकडे फुटत होती. मी डावीकडे गेलो. दहा पावलांवर दोन्ही वाटा पुन्हा एक झाल्या.

तरी मी शुक्रवारी जाऊन सांगितलं, "अक्का, पुढं गुहेत आहे. फाटा आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. बहुतेक सगळं समजल्या. पण आबा ऐकत होते, म्हणून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "मी सांगं व्हतं ना, पुढे फुटीन!"

गुहेपर्यंत यायला महिना गेला. फाटा आला तेव्हा त्यांनी विचारलं. आबांनी उजवीकडे बोट केलं, नीट, उंच धरून. दहा पावलं. डावीकडची वाट येऊन मिळाली. आबा पडद्याकडे बघत राहिले. मिळालेली वाट पडद्यावर सरळ दिसत होती, झाकायला काही जागा नव्हती.

त्यानंतर सकाळी ते स्वतःहून टीव्हीकडे बोट करेनात.

ताईबाईंनी पुन्हा दुसरा भाग लावून पाहिला. पहिला लावून पाहिला. त्यातले सगळे रस्ते आबांना पाठ होते. दोन-चार दिवस बोट उचललं, मग तेही नाही. ताईबाई एकदा मला ओसरीत थांबवून म्हणाल्या, "सतरा वरीस एकच रस्ता चालाडा त्यास्नी. तवय कधी कटाळा करा नही. आते काय व्हयनं?"

मी म्हणालो, "तेव्हा गाडीत रोज नवी माणसं बसायची, अक्का."

त्यांनी मान हलवली. समाधान झालं असं नाही.

आबा पावसाळ्यात खंगत गेले. छातीत कफ साठू लागला. मी हे स्पष्ट लिहून ठेवतो की गेममुळे माणूस मेला असं मी म्हणत नाही. लकव्याचं माणूस सात-आठ वर्षं निघालं, हेच डॉक्टरांना खूप वाटत होतं. पण आधी ते घास तोंडात घ्यायला स्वतः तोंड उघडायचे, नंतर ताईबाईंना दहा वेळा म्हणावं लागायचं. मी पाहिलेलं एवढंच आहे.

पौषातल्या थंडीत, सकाळी, ते गेले. देवपुरातली माणसं जमली, डेपोतले जुने ड्रायव्हर आले. एकजण मला म्हणाला, "घाटात त्यांच्या गाडीत बसलेलं माणूस निवांत झोपायचं." रतिलालनं अग्नी दिला. मी पांझरेच्या काठावर बाजूला उभा होतो.

दहावं-तेरावं झालं. महिनाभरानं ताईबाईंनी निरोप पाठवला की शुक्रवारी ये. मला वाटलं टीव्ही बिघडला. गेलो तर तिसरी कॅसेट लावलेली. खाट तशीच होती, वर गादी नव्हती. त्या नेहमीच्याच जागी बसल्या होत्या, खाटेला टेकून.

"थोडं ऱ्हायेल शे," म्हणाल्या. "संपाडी टाकू."

मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी खेळ चालवला. माणसं भेटली, ओळी उमटल्या, त्यांनी त्या सांगितल्या नाहीत. भिंतींमधून वाट जात होती आणि त्या जात होत्या. मला कळलं की त्या खेळ संपवायला बसलेल्या नाहीत. शेवटी तरी ती तिघं येतात का, हे त्यांना बघायचं होतं. टोपीवाला, धनुष्यवाली, म्हातारा. मध्ये एकदा लाइट गेली, अर्ध्या तासानं आली. खेळ जिथं जपून ठेवता यायचा त्या शेवटच्या विहिरीपासून पुन्हा सुरू केलं. चार वाजून गेल्यावर मोठी लढाई झाली. ताईबाईंनी ती पहिल्याच फटक्यात जिंकली. गोऱ्या पोरानं आकाशाकडे तलवार उचलली. वाजंत्री वाजली. नावं वर सरकू लागली.

ताईबाई नावं संपेपर्यंत बघत राहिल्या.

"नही उनात," म्हणाल्या. ती तिघं आली नव्हती.

मग मशीनची वायर गुंडाळली, प्रवासाच्या तिन्ही कॅसेट एका फडक्यात बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या. मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "मी माहेरले जाई राहिनू. तठे लाइट सांजले येस, नि येस तवय बी भरोसा नही." आठवड्यात त्या खोली सोडून भावाकडे गेल्या.

त्यानंतर त्यांची माझी एकदाच भेट झाली. अठ्ठ्याण्णव साली एका गिऱ्हाइकाचा टीव्ही बसवायला मी साक्रीला गेलो होतो. आठवड्याचा बाजार भरला होता. मिरचीच्या ओळीत मला हाक ऐकू आली. ताईबाई पोत्यावर बसल्या होत्या, समोर लाल मिरचीचा ढीग. केस बरेच पिकले होते, बाकी हातपाय धडधाकट. मला बसवलं, चहा मागवला. घरचं विचारलं, जैनबचं दुखणं कसं आहे म्हणाल्या. माझ्या बायकोचं नाव त्यांच्या लक्षात होतं.

चहा पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "कादरभाऊ, एक गोट इचारू?"

"विचारा ना, अक्का."

"त्या लोकेस्नी असं कसाले करं व्हई? पहिला दोन इतला चांगला करात. मंग तिसराले काय व्हयनं?"

मी म्हणालो, कोण जाणे. म्हणालो, गेम बनवणाऱ्या कंपन्यांना नवं काही करावं लागतं, चित्रं चांगली करायची असतील, वेळ कमी पडला असेल. मला जे सुचेल ते बोलत गेलो. त्या ऐकत होत्या आणि हातानं मिरच्यांचे देठ एका बाजूला करत होत्या.

"नही," म्हणाल्या. "माले असं वाटस, त्यास्नामा रस्ता करनारा एखादा मानूस व्हई. तो मरी गया व्हई. मंग बाकीनास्ले रस्ता करता उना नही."

त्यांनी हातातला देठ ढिगावर टाकला.

"त्यास्ना बी इलाज नही व्हई," त्या म्हणाल्या.

एक बाई पुढं आली, मिरची तिखट आहे का म्हणून विचारू लागली. ताईबाईंनी एक मिरची मोडून तिच्या हातावर ठेवली आणि तराजू उचलला.